जुना कॉम्प्युटर द्यायचा आहे? शाळेले पाहिजे आहे? आधी हे वाचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखून राहिलं, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. देणाऱ्यांचे प्रश्न वर आहेत, शाळांचे मधात, आणि ज्यांना आमच्यासोबत बसून हात काळे करायचे आहेत त्यांचे शेवटी.

तुम्ही नेमकं करता काय?

ऑफिस, कॉलेज, दुकानं, घरं इथून निघालेले जुने कॉम्प्युटर अन् लॅपटॉप घेतो, उघडतो, साफ करतो, जे मेलं ते बदलतो, डिस्क पूर्ण पुसतो, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी, फुकट भेटणारी सिस्टिम) टाकतो आणि वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळा, वाचनालयं, अभ्यासिका इथं नेऊन स्वतः लावून देतो. पगार कोणालाच नाही. कोणी आयटीआयचा पोरगा आहे, कोणी मोबाईल दुकानवाला, एक रिटायर्ड लाईनमन काका, दोन-तीन गुरुजी, बँकेतल्या एक ताई. रविवारी बसतो. सोयाबीन सोंगणी लागली की अर्धी मंडळी गायब, अन् पोळ्याच्या आठवड्यात तर फोनच करू नका राजेहो.

हे असं विदेशात होते म्हणतात, तिकडूनच उचललं का?

थोडंफार हो. अमेरिकेत पोर्टलंड शहरात फ्री गीक नावाची संस्था २००० सालापासून आहे, तिथं लोक फुकट काम करतात, जुने डबे दुरुस्त करतात. वर्ल्ड कॉम्प्युटर एक्सचेंज १९९९ मध्ये सुरू झाली, ती विकसनशील देशातल्या शाळांना जुने कॉम्प्युटर पाठवते. ब्रिटनची कॉम्प्युटर एड पण आफ्रिकेत असंच काम करते. चांगली माणसं आहेत, नीट तपासून पाठवतात.

पण याची दुसरी बाजू पण पाहा. "दान" किंवा "वापरलेला माल" असा शिक्का मारून कंटेनरच्या कंटेनर भंगार गरीब देशात गेलं, निघालं तेव्हा अर्धा माल चालतच नव्हता. घानामधल्या अक्रा शहरात अग्बोगब्लोशी नावाचा भंगारवाडा होता, २०२१ मध्ये पाडला. तिथं पोरं वायर जाळून तांबं काढत. आपल्या दिल्लीतलं सीलमपूर पण त्याच कामासाठी बदनाम आहे. हे थांबावं म्हणून बासेल करार १९८९ मध्ये झाला, १९९२ मध्ये लागू झाला, आणि १ जानेवारी २०२५ पासून तर सगळाच ई-कचरा, घातक असो नसो, समोरच्या देशाची आधी परवानगी घेतल्याशिवाय पाठवता येत नाही.

आम्ही विदेशातून काहीच आणत नाही. आपल्याकडे जुन्या कॉम्प्युटरची आयात तशीही मोकळी नाही, परवाना लागते, आणि गरज पण नाही, नागपूर-पुण्याच्या ऑफिसातून निघणारा मालच आमच्याच्यानं उरकत नाही. पण तिकडचा धडा मात्र पक्का घेतला. युरोपातून घानात भंगार ढकलणं अन् नागपूरहून मेळघाटातल्या धारणीत भंगार ढकलणं यात फरक फक्त किलोमीटरचा आहे. शाळेत नेलेला कॉम्प्युटर वर्षभरात बंद पडून कोपऱ्यात चटईखाली गेला तर आम्ही दान नाही केलं, कोणाची तरी अडगळ गुरुजींच्या गळ्यात मारली. खाली जे नियम दिसतील ते थोडे खडूस वाटतील, ते याच्याचमुळे आहेत.

कोणता कॉम्प्युटर घेता, कोणता नाही?

इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-३, आय-५ किंवा त्याच्या पुढचा असला की डोळे झाकून घेतो. म्हणजे साधारण २०११ नंतरचा. रॅम डीडीआर-३ असली तरी चालते. कोअर टू ड्युओ असला तर आधी फोटो पाठवा, त्यातले काही अभ्यासिकेत टायपिंगच्या सरावाला चालून जातात. पेंटियम फोर नाही. तो उन्हाळ्यात हीटर आहे नुसता, अन् त्याला जेवढी लाईन लागते तेवढ्यात दोन-तीन लॅपटॉप चालतात.

जुना डब्बा मॉनिटर, काचेचा, अजिबात नाही. त्याच्या काचेत शिसं असते, गावात कुठं टाकणार? चपटा एलसीडी घेतो, पण स्क्रीन फुटलेला नको, जुन्या चपट्या स्क्रीनच्या आत ज्या बारीक ट्यूब असतात त्यात पारा असते. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर आलं असेल किंवा खालचं झाकण उघडं पडलं असेल, तर चार्जिंगला लावू नका आणि पार्सल तर मुळीच करू नका, एसटीच्या डिक्कीत उन्हात तापली तर आग लागेल. आधी फोन करा.

कीबोर्ड, माऊस, पॉवर केबल, सगळं द्या. लोक कॉम्प्युटर देतात अन् केबल ठेवून घेतात, काऊन ते देव जाणे.

आमचा तर सुरूच होत नाही. तो पण घेता?

घेतो! उलट ते उघडायलाच मजा येते. "मेला" म्हणून आलेल्या डब्यात खूपदा भानगड किरकोळ असते. रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं साधं खोडरबर फिरवायचं, स्लॉटवर ब्रश मारायचा, परत बसवायची, अन् बीप वाजते. दर वेळी तारीख मागे जात असेल अन् सुरू होताना एफ-१ दाबा म्हणत असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल गेला, सीआर२०३२ नंबरचा, घड्याळवाल्याकडे पण भेटते. फॅन फिरते पण गरम होऊन बंद पडते तर प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती खरवडून स्पिरिटनं पुसायची अन् नवी लावायची.

एसएमपीएसची, म्हणजे डब्यातल्या पॉवर सप्लायची, गोष्ट वेगळी. हिंगणघाटकडून एक डब्बा आला होता, देणाऱ्यानं चिठ्ठी लावली होती, "मदरबोर्ड जळाला". मागच्या बाजूनं दोन पट्ट्या निघालेल्या, जिथं कार्ड बसवतात तिथल्या, कोणी लावल्याच नव्हत्या. एसएमपीएस उघडला तर आत पाल, वाळून कागद झालेली, एक पाय एका सोल्डरवर अन् शेपूट दुसऱ्या. आतमधी ऊब असते म्हणून ती शिरली, अन् शॉर्ट झालं. मदरबोर्डला काहीच झालेलं नव्हतं, दुसरा एसएमपीएस लावला, आजही चालू आहे. तेव्हापासून आमच्या इथून निघणाऱ्या प्रत्येक डब्याच्या मागच्या फटी पत्र्याच्या पट्टीनं नाहीतर बारीक जाळीनं बंद करूनच निघतात. जिनिंगच्या जवळच्या गावातून आलेल्या डब्यात तर हीटसिंकवर कापसाचा नमदा बसलेला असते, हातानं अख्खा सोलून काढता येते.

एसएमपीएस घरी उघडू मात्र नका. वायर काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहू शकते. आमच्याकडे ते फक्त लाईनमन काकाच उघडतात.

ऑफिसमधले आठ-नऊ वर्ष चाललेले चांगले कॉम्प्युटर एकदम काढून राहिले, भानगड काय आहे?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर. म्हणजे २०१६-१७ मध्ये घेतलेला सहाव्या-सातव्या पिढीचा आय-५, जो आजही भिंगरीसारखा पळते, तो कागदावर बाद. कंपन्यांना सुरक्षेचे अपडेट नसलेली मशीन ठेवता येत नाही, म्हणून ते काढून राहिले. त्यांच्यासाठी कचरा, आमच्यासाठी लॉटरी. त्यात ८ जीबी रॅम करा, जुनी फिरणारी डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) टाका, अन् पोरांना नवीन असल्यासारखंच वाटते. एसएसडी हाच एक खर्च असा आहे जो आम्ही कधी टाळत नाही, बाकी सगळं जुगाडावर.

आमचा डेटा? त्यात घरचे फोटो आहेत, बँकेचे पासवर्ड आहेत.

बरोबर विचारलं. नुसतं डिलीट करणं किंवा फॉरमॅट मारणं म्हणजे पुसणं नाही, फुकटच्या सॉफ्टवेअरनं परत निघते. आम्ही फिरणाऱ्या डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्य लिहितो. आजच्या डिस्कला एक फेरी पुरते, सात फेऱ्या मारायची जुनी गोष्ट सोडून द्या. ५०० जीबीला दीड-दोन तास जातात. एसएसडीला तसं चालत नाही, ती आतल्या आत जागा बदलत राहते, म्हणून तिचाच स्वतःचा सिक्युअर इरेजचा हुकूम द्यावा लागते. जी डिस्क बंद पडली अन् पुसताच येत नाही तिला ड्रिल.

तरी सांगतो, विश्वास ठेवू नका. डिस्क काढून घरी ठेवा अन् बाकी डब्बा द्या, आम्हाला राग येत नाही. देण्याआधी आपल्या फोटोंची कॉपी मात्र करून घ्या, कारण एकदा पुसलं की आमचा बाप पण परत आणू शकत नाही. आणि बायोसचा पासवर्ड (विंडोजच्या आधी, डब्बा सुरू होतानाच मागते तो) असेल तर तो काढून द्या नाहीतर सांगा, कंपनीच्या लॅपटॉपला तो असतेच.

८०जी ची पावती भेटेल का?

नाही. ८०जी ची सूट पैशाच्या देणगीवर असते, वस्तूवर नाही, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरची पावती दाखवून टॅक्स वाचवतो असं कोणी सांगत असेल तर तुमच्या सीएला विचारा. वस्तू भेटल्याचं साधं पत्र देतो, सिरियल नंबरसकट.

सरकारी ऑफिसमधले पडून आहेत, साहेब म्हणतात घेऊन जा.

साहेबांच्या तोंडी बोलण्यावर नाही नेत. आधी निर्लेखन, म्हणजे सरकारी रजिस्टरमधून वस्तू बाद करणं, होऊ द्या, कागद हातात द्या, मग गाडी पाठवतो.

आमच्या शाळेले पाहिजे. काय करावं लागते?

अर्ज, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, आणि डेड स्टॉक रजिस्टरला नोंद करायची तयारी. हे कागदाचं झालं, एका आठवड्यात होऊन जाते.

खरी अट दुसरी आहे. आम्ही आधी खाली हाताने येतो. खोली पाहतो, बोर्ड पाहतो, टेस्टर लावतो, अर्थिंग तपासतो. गावच्या शाळांमध्ये तीन पिनचं सॉकेट असते पण तिसऱ्या पिनला मागून वायरच नसते, ही गोष्ट इतकी कॉमन आहे की आम्ही आता हसत पण नाही. अर्थिंग नसली की एसएमपीएसच्या फिल्टरमधून जी बारीक गळती होते तिला जमिनीत जायला रस्ता राहत नाही, मग पोरानं अनवाणी उभं राहून डब्याला हात लावला की मुंग्या येतात. "गुरुजी, कॉम्प्युटर चावते" असं पोरं म्हणतात. आणि खरोखरचा फॉल्ट झाला तर मुंग्यांवर थांबत नाही. म्हणून अर्थिंगचा खड्डा, कोळसा-मीठ-पट्टी, हे गावानं आधी करायचं. ग्रामपंचायत बहुतेक करून देते, आम्ही उभं राहून करून घेतो.

मग एक माणूस पाहिजे. गुरुजी, मॅडम, गावातली बारावी झालेली पोरगी, कोणीही, पण नाव पाहिजे. तिनं आमच्याकडे येऊन बसायचं, डब्बा उघडायचा, रॅम काढायची-लावायची, लिनक्स टाकायचं. ज्या गावात असा माणूस भेटला नाही तिथं आम्ही दिलेले नाहीत, सरपंचांचा फोन आला तरी, आमदारांचा आला तरी. आणि गुरुजींची बदली होतेच, म्हणून शक्यतो दोन नावं द्या अन् त्यातलं एक गावातलंच असू द्या.

आमच्या गावात लाईनच राहत नाही, मग कायले कॉम्प्युटर?

लॅपटॉप देतो. डेस्कटॉप मॉनिटरसकट साधारण ६० ते ८० वॅट खाते, लॅपटॉप २० ते ४०. शाळेत टीव्हीसाठी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर दोन-तीन लॅपटॉप आरामात निघतात. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीवर मात्र भरवसा ठेवू नका, तासभर चालली तर खूप. व्होल्टेज कमी-जास्त होते तिथं स्टॅबिलायझर लागते. पावसाळ्यात आभाळ गरजायला लागलं की प्लग काढायचा, स्विच बंद करून भागत नाही, आणि नेटची वायर असेल तर ती पण काढायची. हा एक नियम पाळला तर निम्मे मदरबोर्ड वाचतील.

उन्हाळ्यात काय? इथं तर ४५ च्या वर जाते.

सकाळच्या शाळेत वापरा, दुपारी बंद. टिनाच्या खोलीत दुपारी चालवला तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्लो होते, मग पोरं म्हणतात हँग झालं. अन् एक विनंती, कूलरच्या समोर कॉम्प्युटर ठेवू नका. थंड राहील म्हणून लोक मुद्दाम तिथंच ठेवतात. कूलरची हवा ओली असते, बोअरच्या पाण्याचा खार घेऊन येते, पांढरी भुकटी बोर्डवर बसते अन् पुढच्या पावसाळ्यात गंज. आमच्याकडे परत येणाऱ्या डब्यात कूलरवाले लगेच ओळखू येतात.

विंडोज काऊन नाही टाकत?

चोरीचं टाकणार नाही आणि विकत घ्यायला पैसे नाहीत, हे एक. दुसरं म्हणजे पेनड्राईव्ह. तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर लावून आणलेला पेनड्राईव्ह शाळेत लावला की विंडोजवर शॉर्टकट व्हायरस, फोल्डर गायब, गुरुजी हैराण. लिनक्सवर ते व्हायरस नुसते फाईल म्हणून पडून राहतात. आम्ही बहुतेक लिनक्स मिंटचं हलकं एक्सएफसीई रूप टाकतो, ४ जीबी रॅममध्ये एसएसडी असली की चांगलं चालते. स्टार्टचं बटन खाली डाव्या कोपऱ्यातच आहे, पोरांना दहा मिनिटं लागतात. मोठ्यांना आठवडा.

पण एक कबूल करतो, कोणाला एमएस-सीआयटी करायचं असेल किंवा टॅली शिकायचं असेल तर विंडोजच लागते. त्यासाठी आठव्या पिढीच्या पुढचे, ओरिजिनल लायसन्स असलेले जे थोडे येतात ते अभ्यासिकांसाठी बाजूला ठेवतो. यादी लांब आहे.

मराठी टायपिंग होईल ना? आणि नेट नसेल तर?

होते. युनिकोड, इनस्क्रिप्ट बसवूनच देतो, कीबोर्डवर देवनागरीचे स्टिकर पण लावतो. जुन्या कृतिदेव फॉन्टमधल्या फाईल असतील तर त्या आधी बदलून घ्याव्या लागतात, नाहीतर इंग्रजी अक्षरांचा काला दिसते.

नेटशिवाय पण खूप काही आहे. किविक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी विकिपीडिया अख्खा डिस्कवर बसते. लहान्यांसाठी जीकॉम्प्री अन् टक्स पेंट, गणितासाठी टक्समॅथ. मेळघाटात टक्स पेंट सगळ्यात जास्त चालते, कारण तिथली बारकी पोरं घरी कोरकू बोलतात, पहिलीत मराठीच त्यांना नवी असते, आणि चित्र काढायला कोणतीच भाषा लागत नाही.

पोरांकडे मोबाईल आहे ना, मग याची काय गरज?

हा प्रश्न शहरातलेच लोक जास्त विचारतात. तलाठी भरतीची २०२३ ची परीक्षा कॉम्प्युटरवर झाली. सेंटरवर बसून पहिल्यांदा माऊस हातात धरणारी पोरं होती, हुशार, अभ्यास तोंडपाठ, पण पुढचा प्रश्न कसा उघडायचा यात घाम फुटलेला. मोबाईलवर पाहता येते, लिहिता येत नाही. फाईल कुठं ठेवली, फोल्डर काय, दोन ओळी टाईप करून अर्ज कसा करायचा, हे मोबाईल शिकवत नाही. आणि मोबाईल बापाचा असते, तो शेतात गेला की मोबाईल पण गेला.

बिघडला तर कोण पाहणार?

आधी तुमचा तोच शिकलेला माणूस. त्याला नाही जमलं तर फोनवर सांगतो, व्हिडिओ कॉलवर दाखवा. तरी नाही झालं तर तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी घेऊन या, बदली डब्बा देतो. परत नेण्याची जबाबदारी आमची, हे पत्रात लिहून देतो. चार-पाच वर्ष चालला की आमच्यासाठी पैसे वसूल.

मला कॉम्प्युटरमधलं काहीच येत नाही, येऊ का?

या ना. ब्रश मारायला, स्क्रू वेगवेगळ्या डबीत ठेवायला, कीबोर्डची बटनं धुवायला, कागदं लिहायला माणूस कमीच पडते. पोरी-बायांनी पण बिनधास्त या, सोल्डरिंगमध्ये बँकवाल्या ताईंचा हात आमच्या आयटीआयवाल्यापेक्षा साफ आहे (तो मानत नाही). फ्री गीकची एक पद्धत आम्ही इथं लावली आहे, जो पोरगा-पोरगी नियमानं येऊन काम शिकते, स्वतःच्या हातानं एक डब्बा उभा करते, तो त्यानं घरी न्यायचा. सुती कपडे घाला, टेरिकॉटनं स्टॅटिक होते, अन् चप्पल घालून बसा.

जे दुरुस्त होत नाही त्याचं काय करता? कबाडीवाल्याले देता का?

नाही, आणि तुम्ही पण देऊ नका. कबाडी वायर जाळून तांबं काढते, बाकी नाल्यात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात रिसायकलरला आणि रिफर्बिशरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या गावात असं काम सुरू करायचं असेल तर आधी ते वाचा. आम्ही मेलेले बोर्ड पोत्यात भरून ठेवतो, गाडीभर झाले की नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे नागपूरला पाठवतो, पावती फाईलला लागते. त्याआधी कामाचं सगळं काढून घेतो, फॅन, स्क्रू, हीटसिंक, केबल. नागपूरच्या बर्डीवर नवीन घ्यायला गेलं की कळते एका छोट्या फॅनचे काय भाव लावतात ते.

प्रिंटर घेता का?

नाही हो. शाईवाला तर फुकटात दिला तरी नको.